टकटकसाहेब तास कापत नाहीत

"छान" हा शब्द तोंडातून काढायला माणसाला किती वेळ लागतो? तुम्हाआम्हाला अर्धा सेकंदही लागत नाही. टकटकसाहेब त्या शब्दाचा गुरुवारपासून सराव करत होते आणि रविवार उजाडला तरी तो काही त्यांच्या ओठांवर येत नव्हता. तो आला नाही तर आकाश कोसळणार नव्हतं. फक्त त्यांच्या एकुलत्या एका मुलीचं लग्न अडणार होतं.

नमनाला घडाभर तेल नको, म्हणून थोडक्यात सांगतो. टकटकसाहेब हे त्यांचं खरं नाव नव्हे. विमा कंपनीत मोटर सर्व्हेअर म्हणून एकतीस वर्षं काढलेल्या या गृहस्थांना गॅरेजवाल्यांनी पाठीमागे दिलेलं ते नाव. गाडी ठोकली गेली की मालक डोक्याला हात लावतो, गॅरेजवाला दुरुस्तीचा अंदाज लिहितो आणि मग साहेब येतात. पुढच्या डाव्या कोपऱ्यापासून सुरुवात करून गाडीभोवती एक पूर्ण फेरी मारतात आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटाच्या पेराने पत्र्यावर टकटक करत जातात. नुसता पत्रा असला तर आवाज खणखणीत येतो, आत खड्डा बुजवायची पुट्टी भरलेली असली तर बद्द येतो. मग ते फॉर्मवर लिहितात: काय मोडलं, काय बदलायचं, काय ठोकून सरळ करायचं आणि त्याला मजुरीचे तास किती. गॅरेजवाल्याने चौदा म्हटले की साहेब सहा लिहितात. एकतीस वर्षांत त्यांनी कोणाचे तास न कापता सोडले नाहीत, आणि कुठल्याही गाडीबद्दल एकही चांगला शब्द लिहिला नाही, कारण त्या फॉर्मवर चांगल्या शब्दासाठी रकानाच नव्हता.

आणि अशा माणसाच्या मुलीने नवरा म्हणून निवडला तो डेंटर! म्हणजे चेपलेला पत्रा ठोकून पूर्ववत करणारा, ज्याचे तास साहेब नऊ वर्षं कापत आले होते तोच. गाडीच्या दाराला पोचा आला म्हणून ती त्याच्याकडे गेली होती.

"दोन तासांचं काम," साहेब म्हणायचे. "तीन महिने चाललं. तेव्हाच मला संशय यायला हवा होता."

मुलगा निर्व्यसनी होता, मेहनती होता, आईला जपणारा होता. साहेबांची हरकत एकच होती. "तो प्रत्येक दारामागे चार तास जास्त लावतो," ते म्हणायचे. या एका मुद्द्यावर प्रकरण आठ महिने पडून होतं.

"अहो, जावई करायचाय की गाडीचा सर्व्हे करायचाय?" बायको विचारायची.

"सवय ती सवय," साहेब म्हणायचे. "आज दाराला चार लावतोय, उद्या आणखी कशाला लावेल."

शेवटी गुरुवारी मुलीनेच तुकडा पाडला. ती एका दवाखान्यात एक्स-रे काढायचं काम करते, त्यामुळे आतलं बघायची तिला सवय आहे.

"बाबा, रविवारी हॉट रॉड आणि कस्टम गाड्यांचं प्रदर्शन आहे. त्याने स्वतः बनवलेली गाडी ठेवलीय. मला ड्युटी आहे. तुम्ही जा, बघा, आणि त्याच्या आईसमोर त्याला एक चांगला शब्द बोला. एकच. बोललात तर मी समजेन तुमची हरकत नाही. नाही बोललात तर मी हा विषय या घरात पुन्हा काढणार नाही."

"म्हणजे लग्न करणार नाहीस?"

"म्हणजे विषय काढणार नाही," ती म्हणाली आणि डबा घेऊन निघून गेली.

साहेब गोंधळले. ही शरणागती होती की धमकी? एवढ्या वर्षांत हजारो मालकांच्या थापा त्यांनी एका नजरेत ओळखल्या होत्या, पण स्वतःच्या मुलीच्या एका वाक्याचा अर्थ त्यांना लागेना. मुलगी विषय न काढता घरात वावरते आहे हे चित्र त्यांना सहन होईना.

वरच्या मजल्यावर निवृत्त हेडमास्तर राहतात. कोणी न विचारता सल्ला देणं हा त्यांचा निवृत्तीनंतरचा उद्योग. त्यांनी जिन्यातच फर्मावलं, "सराव करा. सरावाने मठ्ठ पोरं पाढे म्हणतात, तुम्ही तर पदवीधर आहात. रोज घरातल्या पाच वस्तू उचलायच्या आणि प्रत्येकीला छान म्हणायचं."

बायकोने कुकर उचलून समोर धरला. "म्हणा."

साहेबांनी कुकरभोवती एक फेरी मारली. "झाकणाला उजवीकडे पोचा आहे."

"अहो, छान म्हणा."

"पोचा जुना आहे, गंज धरलाय. हा तू मला आधी दाखवला नव्हतास."

शनिवारपर्यंत घरातली सगळी भांडी, दोन खुर्च्या आणि हेडमास्तरांची नवी छत्री यांचा रीतसर सर्व्हे होऊन गेला, पण छान कोणीच ठरलं नाही. सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही, असं म्हणून बायकोने रविवारी सकाळी शेवटचा उपाय केला. त्यांच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाच्या पेरावर तिने जखमेची पट्टी घट्ट चिकटवली.

"मला लागलेलं नाही," साहेब म्हणाले.

"लागू नये म्हणूनच. तिथे जाऊन लोकांच्या गाड्यांवर टकटक केलीत तर मार खाऊन याल."

प्रदर्शन एका भल्यामोठ्या बंदिस्त सभागृहात होतं. मुलीने फोनवर पाठवलेलं तिकीट साहेबांनी दारात दाखवलं. मशीनने लाल दिवा लावला.

"तुम्ही आत गेलेले आहात," मशीनवाला म्हणाला.

"मी इथे उभा आहे."

"मला दिसताय हो. पण मशीनमध्ये तुम्ही नऊ वाजून दहा मिनिटांनी आत गेलात."

"मग मला बाहेर काढा."

"बाहेर काढायला आधी आत जावं लागेल, आणि आत जायला मशीनची परवानगी नाही. तुम्ही त्या काउंटरवर जा."

आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हे. काउंटरवरच्या बाईंनी मान वर न करता एक फॉर्म पुढे सरकवला. फॉर्म दिसल्यावर साहेबांना जरा हायसं वाटलं. फॉर्मवर ते कधी खोटं लिहीत नाहीत आणि रकाना कधी रिकामा ठेवत नाहीत, हे सगळ्या विमा खात्याला ठाऊक आहे. व्यवसाय: मोटर सर्व्हेअर. भेटीचे प्रयोजन: वाहनाची पाहणी.

बाईंनी वाचलं आणि उभ्याच राहिल्या. "अहो सर, मग आधी सांगायचं ना! सकाळपासून तुमची वाट बघतायत!"

आपली वाट कोण बघतंय हे साहेबांना कळेना. डेंटरने आधीच सांगून ठेवलं असेल असं त्यांनी धरलं, आणि मुलगा अगदीच बेशिस्त नाही, असं मनात येऊन गेलं. तोवर बाईंनी त्यांच्या छातीवर पिवळी फीत लावली, हातात लाकडी पॅड दिला आणि एक रजिस्टर समोर ठेवलं. समोर रजिस्टर आलं की सही करायची हा साहेबांचा धर्म. त्यांनी सही केली, तारीख घातली, वेळही घातली. पॅडवर छापील कागद होते आणि त्यांवर रकाने होते: गाडी क्रमांक, कामाचा तपशील, एकूण, शेरा, सही. त्या दिवसातली ही पहिली ओळखीची गोष्ट होती. आपल्याच खात्याचा फॉर्म कोणीतरी थोडा चुकीचा छापलाय, असं त्यांना वाटलं.

आत शिरताना आणखी एक विधी झाला. कोणी गाडीला टेकलं तर रंगावर ओरखडा पडू नये म्हणून एक स्वयंसेविका प्रत्येकाच्या पट्ट्याच्या बक्कलवर कागदी चिकटपट्टी लावत होती. साहेबांचं पोट जरा पुढे आहे. त्यांना तीन पट्ट्या लागल्या.

"सर, हात जरा वर धरा," ती म्हणाली.

जप्तीच्या मालाला सील ठोकावं तसं पोट सील करून घेऊन विमा खात्याचा हा जबाबदार अधिकारी सभागृहात दाखल झाला.

आणि मग जे काही समोर आलं त्याने त्यांची मतीच गुंग झाली.

हॉट रॉड म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक नसेल तर लाजायचं कारण नाही, साहेबांनाही नव्हतं. जुनी गाडी घ्यायची, तिचं छत कापून चार बोटं खाली आणायचं, मडगार्ड काढून टाकायचे, बॉनेटमध्ये मावणार नाही एवढं इंजिन बसवायचं, गाडी जमिनीला लागेल इतकी बुटकी करायची आणि वर मनाला येईल तो रंग द्यायचा. हे सगळं हौसेने करायचं. हौसेचा हा भाग साहेबांना कोणी सांगितला नव्हता. त्यांनी पाहिलं ते त्यांच्या डोळ्यांनी: समोर साठ गाड्या ओळीने उभ्या होत्या, प्रत्येकीवर झगझगीत दिवे होते, आणि एकही धड नव्हती.

पहिली गाडी: छत चेपलेलं. उलटली असावी. दुसरी: बॉनेट गायब. चोरी. तिसरी पोट टेकून जमिनीवर बसलेली. चारही स्प्रिंगा गेल्या. चौथीच्या दोन्ही बाजूंना ज्वाळा. साहेब दोन पावलं मागे सरले, मग त्या रंगवलेल्या आहेत हे लक्षात आलं. जळालेली गाडी झाकायला वर रंग देतात हे त्यांनी पाहिलं होतं, पण गाडी जळलेली नसताना जळल्याचा रंग कोणी का द्यावा? पाचवीचं इंजिन बॉनेट फाडून हातभर वर आलं होतं. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ना, त्यातला प्रकार.

बरं, मालकांच्या चेहऱ्यावर दुःखाचा लवलेश नाही! एरवी अशा गाडीशेजारी माणूस खाली मान घालून उभा असतो. इथे सगळे हसत होते. ज्याच्या छताचा चेंदामेंदा झालाय तो मुलांबरोबर फोटो काढत होता.

"धक्का कुठून लागला?" साहेबांनी त्याला सहानुभूतीने विचारलं.

"धक्का कसला? मीच कापलं. दोन वर्षं लागली."

"तुम्ही... स्वतः?"

"या हातांनी," तो अभिमानाने म्हणाला.

जाणूनबुजून केलेलं नुकसान. साहेबांच्या धंद्यात याहून मोठा गुन्हा नाही. आणि हा माणूस भर सभागृहात, सर्व्हेअरसमोर, कबुली देत होता! साहेबांनी नकळत पेन काढलं. जित्याची खोड, दुसरं काय. छत कापणे व जोडणे: मालक म्हणतो दोन वर्षं. साहेबांनी विचार केला आणि "एकूण" खाली लिहिलं: बावीस. तास, अर्थात. पेन कागदावर टेकल्यावर त्यांचा गोंधळ जरा निवळला, म्हणून ते लिहीतच सुटले.

डेंटर कुठे दिसेना. गाड्यांसमोरच्या पाट्यांवर नुसते क्रमांक होते, मालकांची नावं कागदाने झाकलेली. का झाकलेली, हे साहेबांनी विचारलं नाही. एव्हाना न कळणाऱ्या गोष्टींची संख्या इतकी झाली होती की एकेक विचारायला पुन्हा यावं लागलं असतं. ते ओळीने पुढे जात राहिले. गंमत म्हणजे ते जिथे थांबत तिथला मालक धावत येई, फडक्याने काच पुसे आणि न विचारता सगळं सांगू लागे. एकाने खुर्ची दिली. एकाने त्यांची फीत सरळ केली. एवढा मान त्यांना एकतीस वर्षांत कुठल्या गॅरेजात मिळाला नव्हता, आणि खोटं कशाला बोला, तो त्यांना आवडला.

सतरा नंबरपाशी मात्र ते थबकले. ती गाडी टोकापासून टोकापर्यंत गंजलेली होती. मालक हा एक दाढीवाला कलावंत गृहस्थ होता.

"कुठे पडून होती?" साहेबांनी विचारलं.

"पडून? छे! गंज आठ महिने वाढवलाय सर. मीठ, पाणी, व्हिनेगर, रोज सकाळ-संध्याकाळ. मग वरून पारदर्शक रंगाचे पाच हात दिले, म्हणजे गंज खराब होऊ नये."

"गंज... खराब होऊ नये?"

"फार नाजूक असतो सर."

पोराटोरांची काळजी घेत नाहीत एवढी याने गंजाची घेतली होती. मग त्यांनी लिहिलं: गंज. मालकाचा निष्काळजीपणा. एकूण: शून्य.

असे दोन तास गेले. डोकं भणभणायला लागलं होतं. नुकसान कुठलं आणि कला कुठली, हे सांगणारी एकही खूण गाड्यांवर नव्हती. छान म्हणायचं तर ते मोडलेल्याला म्हणायचं की मोडणाऱ्याला? हेडमास्तरांनी याबद्दल काहीच सांगितलं नव्हतं.

एकेचाळीस नंबरच्या गाडीशी कोणीच नव्हतं. पिकल्या जांभळाच्या रंगाची, बसकी, दोन दारांची गाडी. बॉनेट उघडं ठेवलेलं, आणि खालचा तळ दिसावा म्हणून जमिनीवर आरसे मांडलेले. साहेब सवयीने पुढच्या डाव्या कोपऱ्यापाशी गेले आणि फेरीला लागले.

अर्ध्या फेरीत त्यांची पावलं मंदावली. मुळात ही चार दारांची गाडी होती. मागची दोन दारं बंद करून पुढची लांबवली होती, आणि सांधा दिसत नव्हता. त्यांनी चष्मा वर केला, डोळा पत्र्याला लावला. सांधा नव्हताच. अशा ठिकाणी लोक बोटभर पुट्टी थापतात. इथेही थापली असणार, फक्त चोर हुशार आहे.

त्यांनी आजूबाजूला पाहिलं. मग पेरावरची पट्टी हळूच सोलून काढली आणि टकटक केली.

खणखणीत!

चार बोटं पुढे. खणखणीत. छत, मागचा खांब, दाराची कड, चाकांवरची कमान. सगळीकडे तोच आवाज. या गाडीत कणभर पुट्टी नव्हती. इंच न् इंच पत्रा हाताने ठोकून ठोकून वळवलेला होता. साहेब गुडघ्यांवर बसले, सीलबंद पोटासह जमेल तेवढे वाकले आणि आरशात तळ पाहिला. जिथे कोणी कधी बघत नाही तिथेही वेल्डिंगची रेघ एकसारखी होती.

साहेबांना विसर पडला की आपण कुठे आहोत. ते लिहू लागले. छत: एकशे ऐंशी तास. दारं: दोनशे साठ. कमानी, तळ, खांब, डिकी. प्रत्येक आकडा लिहून झाल्यावर तो कापायला त्यांचं पेन परत जाई आणि तसंच मागे येई. बेरीज आली अकराशे चाळीस. त्यांनी ती दोनदा तपासली. "एकूण" खाली अकराशे चाळीस लिहून त्यांनी सही केली, आणि मग इंजिनाचा भाग राहिला म्हणून बॉनेटखाली डोकं घातलं.

इंजिनामागे पत्र्याची भिंत असते. तीही जांभळी होती, फक्त तळहाताएवढा एक तुकडा सोडून. त्या तुकड्यावर जुना, मळका पांढरा रंग तसाच ठेवला होता, आणि त्यावर पिवळ्या मार्करने लिहिलेलं होतं: "पूर्ण नुकसान. दुरुस्त होणार नाही." खाली नऊ वर्षांपूर्वीची तारीख, वेळ आणि सही. वरून पारदर्शक रंगाचा हात, पुसू नये म्हणून.

अक्षर टकटकसाहेबांचं होतं.

त्यांना सगळं आठवलं. दोन ट्रकांच्या मध्ये सापडून चेपलेली गाडी. नुकताच कामाला लागलेला एक डेंटर म्हणाला होता, "साहेब, ही होईल. मला द्या." आणि साहेब सगळ्या गॅरेजसमोर हसून म्हणाले होते, "ही झाली तर मी तास कापणं सोडीन."

त्यांना लाज वाटली, अगदी कानाच्या पाळ्या गरम होईपर्यंत. त्याहून वाईट म्हणजे मनाच्या एका कोपऱ्यात आनंद झाला होता, आणि या दोन्हींचं एकाच वेळी काय करायचं ते त्यांना माहीत नव्हतं. तास कापावेत का? नऊशे केले तर? पण कापायचे कुठले? छताचे? दारांचे? ते पेन हातात धरून तसेच उभे राहिले.

"साहेब! आलात तुम्ही!"

डेंटर आला होता. एका हातात पाण्याची बाटली, दुसऱ्या हाताला धरून आई. ती आयुष्यभर शिवणकाम केलेली बाई होती, त्यामुळे नमस्कार करतानाही तिची नजर साहेबांच्या शर्टाच्या उसवलेल्या खिशावर गेली.

"काय हो, बरी झालीय का माझ्या मुलाची गाडी?" तिने विचारलं.

हाच तो क्षण. समोर आई, बाजूला मुलगा, मागे गाडी. साहेबांनी छाती भरून श्वास घेतला आणि तोंड उघडलं. "मागच्या डाव्या दाराला..." ते म्हणाले आणि थांबले, कारण मागचं डावं दारच आता नव्हतं. आईचा चेहरा उतरला. डेंटर बुटांकडे बघू लागला. ते पाहून साहेबांचा शब्द आणखीच आत गेला, आणि तेवढ्यात ध्वनिक्षेपक गरजला, "तिसऱ्या परीक्षकांनी गुणपत्रिका घेऊन ताबडतोब मंचाशी यावं! पिवळी फीत लावलेले सर!"

सभागृहात पिवळी फीत एकच होती.

मंचाशी संयोजक उभे होते. एक फोन खांद्याने कानाशी दाबलेला आणि दुसरा खिशात वाजतोय. त्यांनी कागद ओढून घेतले, भराभर चाळले आणि एकेचाळीसवर थांबले.

"सर, शंभरपैकी अकराशे चाळीस?"

"शंभरपैकी कशाला? तास आहेत ते. मजुरीचे."

"तास? सर, हे गुण द्यायचे होते!"

"मी कशाला गुण देऊ? मी गाडी बघायला आलो होतो."

मागून दाढीवाला कलावंत किंचाळला, "म्हणजे मला खरंच शून्य दिलाय?"

"गंज विम्यात बसत नाही," साहेब म्हणाले.

एकच गलका झाला. बावीस मिळालेला पुढे आला, अकरा मिळालेला पुढे आला. हे परीक्षक नाहीतच, असं कोणीतरी ओरडलं आणि साहेबांनी तात्काळ दुजोरा दिला. पण संयोजक बधले नाहीत. "परीक्षक नाही कसे? रजिस्टरमध्ये यांची सही आहे, तारीख आहे, वेळसुद्धा आहे. एवढी व्यवस्थित सही कोणाची नाही. जे यायचे होते ते आले नाहीत, म्हणजे हेच ते." आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, असा तो कारभार होता. सहीपुढे मात्र साहेबांचाही इलाज नव्हता, जन्मभर त्यांनी लोकांना हेच ऐकवलं होतं.

संयोजकांनी हिशोब मांडला. बाकी दोन परीक्षकांच्या गुणांत ज्वाळावाली गाडी एकेचाळीस नंबरपेक्षा दोनच गुणांनी पुढे होती. "शंभराच्या वर गेले ते शंभर धरू. म्हणजे एकेचाळीसला पहिला चषक. सर, फक्त या जाहीरनाम्यावर सही करा, की मी घोषणा करतो."

साहेबांनी कागद वाचला. रकाना चौथा: स्पर्धकाशी नातेसंबंध असल्यास तपशील.

सर्व्हेअरने नातलगाच्या गाडीचा सर्व्हे करू नये, हा त्यांच्या धंद्यातला पहिला नियम. पण नातं होतं कुठे? आजच्या तारखेला नव्हतं. तिथे एक आडवी रेघ मारली की चषक पोराच्या हातात, आणि कायद्याने ते खोटंही ठरलं नसतं. नातं आठ महिने अडवून धरणारा माणूस एकच होता आणि पेन त्याच्याच हातात होतं. त्यांनी मागे पाहिलं. डेंटर आईचा हात धरून उभा होता. नऊ वर्षं हा पोरगा ती पिवळी अक्षरं जपत बसला होता. मग मुलगी आठवली, डबा घेऊन निघून जाणारी. तिने विषय काढायचं सोडलं तर घरात बोलायला उरणार काय, पोचा आलेला कुकर?

रकाना रिकामा ठेवायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं: "होय. होणारा जावई." सही, तारीख, वेळ.

संयोजकांनी वाचलं. फोन कानावरून खाली आला. "सर, अहो मग तुमचे गुण बाद होतात. चषक जातो."

"नियम आहे," साहेब म्हणाले.

दाढीवाल्याने टाळ्या वाजवल्या. चषक ज्वाळावाल्याला गेला आणि गर्दी तिकडे पांगली. डेंटरने मात्र तिकडे पाहिलंही नाही. त्याने तो कागद दोनदा वाचला, मग आईला वाचून दाखवला आणि त्याचा फोटो काढून मुलीला पाठवून दिला. आईने पदराने डोळे टिपले आणि म्हणाली, "शर्ट काढून ठेवा हो कधीतरी, खिसा शिवून देते."

साहेबांना कुठे बघावं कळेना. त्यांनी पॅडवरचा एकेचाळीस नंबरचा कागद काढून डेंटरच्या हातात दिला. "घे. एकही कापलेला नाही."

डेंटरने आकडा पाहिला. मान खाजवली. "साहेब, रागावू नका, पण अकराशे चाळीसमध्ये नाही झाली ती. चौदाशे लागले."

एकतीस वर्षांच्या सवयीने साहेबांचा हात पेनाकडे गेला. सातशे, असं ओठांवर आलंसुद्धा. त्यांनी जांभळ्या छताकडे पाहिलं, मग डेंटरच्या हातांकडे.

"असतील," ते म्हणाले.

एवढ्यात डेंटरचा फोन वाजला. मुलीने फोटो पाहिला होता आणि खाली विचारलं होतं, "हे झालं लेखी. पण तोंडाने काही चांगलं बोलले की नाही?"

डेंटरने टाइप केलं, "मी चौदाशे तास म्हणालो. साहेब म्हणाले, असतील."

उत्तर यायला थोडा वेळ लागला. बहुधा ती एक्स-रेच्या खोलीत असावी. मग आलं: "असं म्हणाले? त्यांची तब्येत बरी आहे ना?"